डोकें घरीं ठेवावें काय?

चित्रपटांविषयीं लिहिण्याचा मला अधिकार नाहीं, हें प्रारंभींच सांगून टाकतों. वर्षांतून पांच-सहा वेळां, तेंहि बहुधा कोणाच्या तरी आग्रहामुळें, मी चित्रपटगृहाची पायरी चढतों. कोणत्या दिग्दर्शकानें कोणापासून काय उचललें आणि कॅमेरा कोणत्या कोनांत ठेवला, याचें मला ज्ञान नाहीं व हौसहि नाहीं. विनोदी चित्रपट असला तर पोटभर हंसावें, मारामारीचा असला तर खुर्चीच्या कडेवर येऊन बसावें, आणि घरीं परतून पिठलें-भात खाऊन निजावें, एवढीच माझी अपेक्षा. परंतु एवढी अपेक्षा बाळगणें हाच आतां अपराध ठरूं लागला आहे, म्हणून लेखणी हातीं धरावी लागली.

त्याचें असें झालें. मागल्या पावसाळ्यांत एका रविवारीं माझा पुतण्या मला एक नवा चित्रपट दाखवावयास घेऊन गेला. त्या चित्रपटाचें नांव सांगत नाहीं. कारण जें घडलें तें त्या आठवड्यांत लागलेल्या कोणत्याहि चित्रपटाच्या वेळीं घडलें असतें. आमच्या इंदिरानगरांत राहणाऱ्या माणसाला हल्लीं चित्रपट पाहावयाचा म्हणजे मॉल गांठावा लागतो. तेथें सरकता जिना, थंडगार हवा, आणि तिकिटाहून महाग अशा मक्याच्या लाह्या. हें सारें यथासांग पार पडलें. पूर्वार्धांत नायकाच्या उजव्या खांद्यांत गोळी शिरली. मध्यंतरानंतर त्याच उजव्या हातानें त्यानें एक धिप्पाड माणूस उचलून मोटारीच्या टपावर आपटला. मीं हळूच विचारलें, "अरे, याचा खांदा केव्हां बरा झाला?" पुतण्यानें पडद्यावरची नजर न काढतां उत्तर दिलें, "काका, असले पिक्चर बघायचे तर डोकं घरीं ठेवून यायचं असतं." पुढल्या रांगेंतील एका गृहस्थांनीं मागें वळून त्याला मान डोलावून अनुमोदन दिलें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं जॉगिंग ट्रॅकवर आमच्या सेवानिवृत्त मंडळींत मीं ही हकीकत सांगितली. मला वाटलें होतें, येथें तरी सहानुभूति मिळेल. पण ज्यांनीं तीस वर्षें शाळेंत गणित शिकविलें, 'डोकें वापर, डोकें वापर' म्हणत पोरांचीं डोकीं ठोठावलीं, ते आमचे गुरुजीच सर्वांच्या आधीं म्हणाले, "पुतण्या बरोबर बोलला हो! करमणुकीला कसलें आलें आहे तर्कशास्त्र?" त्या क्षणीं मला कळून चुकलें कीं हें एका तरुण मुलाचें फटकळ उत्तर नव्हे, हें आपल्या सुशिक्षित समाजानें मान्य केलेलें एक सुभाषित आहे, आणि सुभाषितें तपासून घ्यावीं लागतात.

या सुभाषितांतील पहिली मौज अशी कीं तें मालकानें नव्हे, गिऱ्हाइकानें रचिलें आहे. जगांत असा दुसरा कोणता धंदा आहे, कीं जेथें माल खराब निघाला असतां विकत घेणाराच विकणाऱ्याच्या वतीनें माफी मागतो? नाशिकचा माणूस मिसळीच्या बाबतींत किती चोखंदळ असतो हें सांगावयास नको. रस्सा पातळ झाला, मटकी कच्ची राहिली, पाव शिळा निघाला, तर तो चारचौघांत दुकानदाराला ऐकवितो आणि पुढल्या रविवारीं दुसऱ्या दुकानाची वाट धरतो. 'मिसळ खावयास जातांना जीभ घरीं ठेवून जावें' असें सांगणारा अजून या शहरांत जन्मास यावयाचा आहे. मग मिसळीच्या कितीतरी पट पैसे आणि वर तीन तासांचें आयुष्य जेथें आपण मोजतों, तेथेंच हें औदार्य कोठून येतें?

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. हें वचन कोणी सामाजिक अगर दुःखपर्यवसायी चित्रपटाविषयीं उच्चारीत नाहीं. तेथें डोकें न्यावें, शक्य तर चष्माहि न्यावा, असें सर्वांस मान्य असतें. डोकें घरीं ठेवावयाचें तें विनोदी चित्रपटाच्या आणि हाणामारीच्या चित्रपटाच्या वेळीं. म्हणजे हंसणें आणि श्वास रोखून पाहणें हीं मनुष्याचीं खालच्या दर्जाचीं कामें आहेत, अशी आपली समजूत आहे. माझें म्हणणें नेमकें उलट आहे. गंभीर चित्रपटांतला एखादा दुवा निसटला तरी नायिकेच्या आसवांत तो वाहून जातो. विनोद आणि मारामारी या दोहोंना तसा आसरा नाहीं. एकानें थाप मारली तर ती पुढें कोणाला तरी भोंवली पाहिजे. एकानें ठोसा मारला तर तो कोणाला तरी लागला पाहिजे. कृत्यामागून परिणाम आला नाहीं, तर हंसावयाचें कशाला आणि घाबरावयाचें कशाला?

आपल्याकडील चांगला विनोदी चित्रपट पहिल्यापासून हेंच करीत आला आहे. १९३८ सालीं मास्टर विनायकांनीं आचार्य अत्र्यांच्या लेखणीवरून 'ब्रह्मचारी' काढला, तेव्हां त्यांतील औदुंबरानें व्याख्यान ऐकून ब्रह्मचर्याचें व्रत घेतलें, आणि पुढील सर्व हंशा त्या एका प्रतिज्ञेच्या पोटांतून निघाला. दादा कोंडक्यांच्या 'सोंगाड्या'कडे (१९७१) आमच्या वर्गानें प्रथम नाकें मुरडून पाहिलें, आणि मागाहून दार लावून घेऊन त्यावर पोट धरून हंसला, हा आमच्या सभ्यतेचा इतिहास असो; पण त्यांतहि भोळा नाम्या तमाशाला जातो, आणि आई त्याला घराबाहेर काढते. कृत्य आणि त्याची किंमत, दोन्ही तेथें आहेत.

परंतु याचा सर्वांत पक्का दाखला म्हणजे १९८८ चा 'अशी ही बनवाबनवी'. सचिन पिळगांवकरांनीं दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटाचें मूळ हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ च्या 'बीबी और मकान' या हिंदी चित्रपटांत आहे. तरी मराठी माणसानें तो असा आपला केला आहे, कीं त्यांतील सत्तर रुपयांचा हिशेब कोणी लग्नाच्या पंगतींत काढला तरी अर्धी पंगत हंसूं लागते. गोष्ट काय? पुण्यांत चार तरुणांना राहावयास जागा मिळत नाहीं. हें दुःख खरें आहे. ज्यानें बाहेरगांवीं नोकरीसाठीं खोली शोधली आहे त्याला तें समजावून सांगावें लागत नाहीं. एका म्हाताऱ्या बाई जागा देतात, पण जोडप्यांनाच. मग दोघांनीं लुगडीं नेसावयाचीं. येथपर्यंतची गंमत कोणीहि करील. खरें कौशल्य पुढें आहे. एकदां धनंजयानें परशुरामाला 'बायको' म्हणून उभें केलें, कीं ती थाप सकाळसंध्याकाळ खाऊंपिऊं मागते. धनंजयाला आपल्या दुकानाची मालकीण माधुरी आवडते. पण जगाच्या लेखीं तो विवाहित, आणि तेंहि परशुरामाशीं! दार वाजलें कीं पदर सांवरावयाचा, आवाज बदलावयाचा, कोण कोणासमोर काय बोलला तें लक्षांत ठेवावयाचें. प्रेक्षकालाहि तें लक्षांत ठेवावें लागतें. चौघांच्या थापांची खातेवही प्रेक्षकाच्या डोक्यांत उघडी असते, म्हणूनच नवें माणूस दारांतून आंत येतांच, तें तोंड उघडण्यापूर्वींच, आपल्याला हंसूं फुटतें. डोकें घरीं ठेवलेल्या माणसाला हा चित्रपट समजणारच नाहीं. त्याला फक्त लुगडें नेसलेला पुरुष दिसेल.

याच्या शेजारीं आजच्या मोठ्या भांडवलाचा विनोद ठेवून पाहा. ६ जून २०२५ रोजीं 'हाऊसफुल ५' हा हिंदी चित्रपट एकाच दिवशीं दोन निरनिराळ्या शेवटांसह प्रदर्शित झाला. मोठ्या जहाजावर खून. एका प्रतींत खुनी एक, दुसऱ्या प्रतींत दुसराच. याला नावीन्य म्हणून मिरविण्यांत आलें. मला तो मालकांनीं स्वतःच्या सहीनें लिहून दिलेला कबुलीजबाब वाटतो. खून कोणाच्याहि माथीं मारतां येत असेल, तर आधींच्या दोन तासांत घडलेल्या एकाहि गोष्टीचा बोट कोणाकडे वळलेला नव्हता, असाच त्याचा अर्थ होतो. पुण्यांतील त्या चार तरुणांच्या कथेला दुसरा शेवट लावून पाहा बरें! पहिल्या प्रसंगापर्यंत सगळी वीण उसवीत जावें लागेल.

नवें तें सर्व टाकाऊ म्हणणारांपैकीं मी नव्हे. जुनें तें सोनें असें डोळे मिटून म्हणणें हाहि डोकें घरीं ठेवण्याचाच एक प्रकार आहे. आणि 'बनवाबनवी'च्या यशानंतर त्याच त्या नटांना घेऊन घाईघाईनें उरकलेल्या मराठी चित्रपटांची जी रांग लागली, तिच्यांतील पुष्कळ मीं पाहिले असून त्यांची आठवण न काढणेंच बरें. उलट २००० सालचा 'हेरा फेरी' घ्या. १९८९ च्या एका मलयाळम् चित्रपटावरून तो बेतलेला आहे. टेलिफोनच्या पुस्तकांतील एका चुकीमुळें भलत्याच घरीं फोन येतो, आणि तीन कंगाल माणसें दुसऱ्याच्या संकटावर श्रीमंत होऊं पाहतात. भाडें थकलेलें, कर्ज डोक्यावर, आणि स्वभाव तिघांचे तीन दिशांना. बाबूराव आपटे यांचें धोतर आणि जाड भिंगांचा चष्मा पाहून आपण हंसतों खरें. पण हंसणें टिकतें तें त्या तिघांना पैशांची खरोखर गरज आहे म्हणून.

आतां मारामारीकडे वळतों. 'शोले' (१९७५) हा चित्रपट आमच्या पिढीनें किती वेळां पाहिला याची मोजदाद नाहीं, परंतु त्यांतील मोजदाद मात्र सर्वांना पाठ आहे. पिस्तुलांत गोळ्या सहा, समोर माणसें तीन. गब्बरसिंग तीन गोळ्या हवेंत झाडतो, आणि उरलेल्या तीन कोणत्या घरांत आहेत हें त्यालाहि ठाऊक नाहीं. त्या वेळीं सबंध चित्रपटगृह मनांतल्या मनांत मोजूं लागतें. पुढें पुलावर जयजवळच्या गोळ्या संपत येतात आणि शेवटची एक सुरुंगाच्या दारूवर खर्च होते. त्याच्यामागें तें दोन्ही बाजू सारख्या असलेलें नाणें. एक नाणें आणि कांहीं काडतुसें यांच्या हिशेबावर एवढा अवाढव्य चित्रपट तोललेला आहे. तो डोकें घरीं ठेवून पाहणारासाठीं केलेला होता असें कोण म्हणेल?

याउलट 'के. जी. एफ.'च्या दुसऱ्या भागांत (२०२२) नायक यंत्रतोफेनें पोलीस ठाण्याची चाळण करतो आणि तापून लाल झालेल्या नळीवर सिगारेट पेटवून घेतो. दृश्य मोठें झोंकदार आहे, हें मी नाकारीत नाहीं; माझ्या शेजारचा मुलगा तर उठून उभाच राहिला. पण तेथें गोळ्या मोजणें म्हणजे नाशिकांत बसून इगतपुरीचा पाऊस मोजणें. रोहित शेट्टी यांच्या चित्रपटांत मोटारी येवल्याच्या पतंगांप्रमाणें आकाशांत चढतात. पण पतंगाला निदान दोरी असते, आणि कापला गेला तर कोणाच्या तरी तोंडचें पाणी पळतें. येथें मोटार पडते, नायक काळा चष्मा पुसतो, आणि दुसरी मोटार उडते. प्रथम डोळे विस्फारतात, मग मिटूं लागतात. माझी पत्नी अशाच एका तुंबळ युद्धांत सुखानें झोंपी गेली होती, आणि तिचें मत मी या विषयांत प्रमाण मानतों.

मराठींतल्या ऐतिहासिक युद्धपटांविषयीं बोलतांना जपून बोलावें लागतें, आणि माझी तक्रार नेमकी हीच आहे. दिग्पाल लांजेकरांच्या 'पावनखिंड'चा (२०२२) विषय पाहा. १३ जुलै १६६० चा तो दिवस. महाराज विशाळगडाकडे निघालेले. घोडखिंडींत बाजीप्रभु आणि बांदल मंडळी शत्रूला थोपवून उभीं. आणि गडावरून तोफांचे आवाज होईपर्यंत हालावयाचें नाहीं. युद्धपटाला याहून उत्तम घड्याळ कोणी शोधून दिलें असतें? शेवट प्रत्येक मराठी मुलाला ठाऊक आहे, तरी तोफेसाठीं त्याचे कान टवकारलेले असतात. अशा प्रसंगीं एकेक वार मंद गतीनें लोंबकळत ठेवला, कीं तें घड्याळच बंद पडतें. एवढें मीं एकदां चारचौघांत म्हटलें, तेव्हां मला 'डोकें घरीं ठेवा' असें कोणी सांगितलें नाहीं. 'डोकें येथें टेकवा' असें सांगण्यांत आलें. इतिहासावरचें प्रेम हें चित्रपटाच्या गुणांचें प्रशस्तिपत्र होऊन बसलें आहे. २०२५ च्या 'छावा'च्या वेळीं प्रदर्शनापूर्वींच लेझीमच्या एका दृश्यावरून केवढा गदारोळ झाला, आणि तें दृश्य काढण्यांत आलें. परंतु तीं लढायांचीं दृश्यें लढाया म्हणून कशीं वठलीं, याविषयीं माझ्या कानांवर तरी फारशी चर्चा आली नाहीं. वास्तविक महाराजांचीं युद्धें हीं सर्व जगांत डोक्याचीं युद्धें म्हणून गाजलीं. थोडक्या माणसांनीं, वाटा आणि वेळ यांचा हिशेब करून जिंकलेलीं. त्यांचें चित्र पाहतांना हिशेब विचारूं नये, हें त्यांना शोभत नाहीं.

आणि हें सारें कोठें घडतें आहे? आमच्या इंदिरानगराहून मुंबईच्या अंगानें महामार्गावर थोडें पुढें गेलें, कीं त्रिरश्मि डोंगर लागतो. वर पांडवलेणीं, पायथ्याशीं दादासाहेब फाळक्यांचें स्मारक. दादासाहेब त्र्यंबकेश्वरीं १८७० सालीं जन्मले आणि १९४४ सालीं नाशकांतच वारले. ३ मे १९१३ रोजीं मुंबईस कॉरोनेशनमध्यें 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढें आला, आणि त्यानंतर त्यांनीं आपलें बिऱ्हाड व कारखाना नाशकांत आणला. त्यांनीं देवादिकांचींच चित्रें काढलीं अशी आपली समजूत असते; पण 'पिठाचे पंजे' नांवाचें छोटें प्रहसनहि त्यांचें, आणि १९१७ चें 'लंकादहन' हें, रामकथेचा मान राखून बोलावयाचें तर, आपल्याकडील पहिलें दणदणीत साहसचित्रच म्हणावें लागेल. शेपटीला लागलेली आग, पेटलेली लंका. आणि एकाच साळुंक्यांनीं राम आणि सीता दोन्ही भूमिका केलेल्या!

पण मला त्यांची निराळीच एक गोष्ट महत्त्वाची वाटते. 'हरिश्चंद्रा'साठीं भांडवल हवें होतें, आणि सावकाराचा या नव्या विद्येवर विश्वास बसावयाचा होता. तेव्हां दादासाहेबांनीं कुंडींत वाटाण्याचा दाणा लावला आणि तो अंकुरून वाढेपर्यंत दररोज त्याचें थोडेंथोडें चित्रण केलें. महिनाभराची ती वाढ पडद्यावर घटकेंत उलगडतांना पाहून सावकार चकित झाला. पुढें चित्रपट कसे तयार होतात हें दाखविणारें एक चित्रहि त्यांनीं काढलें, आणि 'नवयुग' मासिकांत या कलेवर लेखमाला लिहिली. आपल्या जादूचीं यंत्रें प्रेक्षकापुढें उघडीं करून ठेवणारा हा जादूगार! त्याच्या मनांतील प्रेक्षक डोकें घेऊन आलेला होता, आणि डोकें असूनहि चकित होणारा होता.

यावर एक आक्षेप आहे, आणि तो मी हलका मानीत नाहीं. आमचे एक स्नेही म्हणाले, "तुम्ही पेन्शनर लोक. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत सहा दिवस पाळ्या करून आलेल्या माणसाला सातव्या दिवशीं विसांवा हवा असतो. त्याला तुम्ही कार्यकारणभाव शिकवूं नका." बोलणें मनाला लागलें. कारण पांढरपेशा माणसानें श्रमिकाच्या करमणुकीला नांवें ठेवावीं, याहून किळसवाणें दृश्य नाहीं. पण सहा दिवस यंत्रासमोर उभा राहणारा माणूस डोकें घरीं ठेवून येतो, हें आमच्या स्नेह्यांना कोणी सांगितलें?

माझे थोरले बंधु सातपूरच्या एका कारखान्यांत फिटर होते. डाव्या हाताच्या दोन बोटांचीं पेरें त्यांनीं तेथल्या एका प्रेसला दिलीं होतीं. त्यांना मारामारीच्या चित्रपटांचें विलक्षण वेड. आठवड्याची सुटी आली कीं विजयानंदला किंवा सर्कलला जावयाचें, आणि पुष्कळदां मला बरोबर न्यावयाचें. एकदां पडद्यावर गोदामांतली लढाई चालली होती. खलनायकाचा माणूस छताच्या चेन-पुलीला लोंबकळत होता आणि नायक त्याला खालून ओढीत होता. सगळे लोक शिट्ट्या मारीत होते. बंधूंनीं माझें मनगट घट्ट धरलें, आणि हलक्या आवाजांत म्हणाले, "त्या हुकाला खिटी नाहीं रे. सुटला तर खालचा मरेल." खालचा म्हणजे नायक नव्हे, त्याच्या जागीं कपडे घालून उभा केलेला, नांव नसलेला कोणी माणूस. दृश्य संपेपर्यंत त्यांनीं मनगट सोडलें नाहीं. बाहेर आल्यावर चहा पितांना मात्र ते खूष होते. "काय काम केलंय पठ्ठ्यांनीं!" असें दोन-तीनदां म्हणाले.

ज्यानें मला डोकें घरीं ठेवावयास सांगितलें तो त्यांचाच मुलगा. बंधूंना जाऊन आतां चार वर्षें झालीं. परवां त्याला ही चेन-पुलीची गोष्ट मीं सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. मग त्यानें विचारलें, "काका, कोणता पिक्चर होता तो?" मला चित्रपटाचें नांव आठवलें नाहीं, नायक कोण तेंहि आठवलें नाहीं, तो हूक तेवढा आठवत होता.